खानदेशी पावसाचं वृंदगान: चोवीस गळे, एक पत्रा आणि आठ आठवडे

निसर्गावरचं समूहगीत म्हटलं की आपल्या शाळा-कॉलेजांत एक ठरलेला साचा बाहेर निघतो. पेटीवर दोन ओळींची सुरावट, ढोलकीवर केरवा, वीस पोरं एकाच सुरात, आणि कडव्यांत ढग, मोर, हिरवा शालू. पाऊस सगळा शब्दांत असतो. आवाजात त्याचा एक थेंब सापडत नाही.

जगभरातल्या गायकवृंदांनी गेल्या साठेक वर्षांत दुसरी वाट धरली आहे. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर यांनी विद्यार्थिदशेतच, १९९१-९२ मध्ये, ‘क्लाउडबर्स्ट’ ही रचना केली. शब्द मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांच्या कवितेवरून घेतलेले, विषय कोरड्या पडलेल्या जमिनीचा आणि पावसाच्या ओढीचा. (हेच पाझ १९६२ ते १९६८ मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते.) गाणं चढत जातं आणि शेवटाकडे गायक चुटक्या वाजवू लागतात, घंटा किणकिणतात, पत्रा गडगडतो, सभागृहात सर कोसळते. कॅनडाचे आर. मरे शेफर यांनी ‘मिनिवांका’ १९७१ मध्ये लिहिली. तिच्यात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी भाषांमधले पाणी, पाऊस, ओढा, नदी, समुद्र यांचे शब्द तेवढे आहेत, आणि स्वरलिपीच्या जागी बरीचशी चित्रं: थेंबांना ठिपके, प्रवाहाला रेघा. मुलांच्या गायकवृंदानेही गावी अशीच ती आहे.

कोरडी जमीन आणि पावसाची ओढ म्हटल्यावर मेमधलं भुसावळ आठवणार नाही असा खानदेशी माणूस विरळा. तेव्हा व्हिटाकरांची रचना उचलून गाण्याचा नाद करू नका. ती आठ-आठ आवाजांत फुटते, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता यावं लागतं, प्रती विकत घ्याव्या लागतात. कल्पना घ्या, रचना आपल्या पावसाची करा. चोवीस जणांचा गट, साडेसहा मिनिटांचं गाणं, साथीला तानपुरा आणि एक लोखंडी पत्रा, एवढ्यात ते कसं उभं करायचं ते पुढे सांगतो. कॉलेजचा गट असो, भजनी मंडळ असो की शिक्षकांचा, पद्धत तीच.

आधी वेळापत्रक

ऐकायचं काम मे-जूनमध्ये, तालीम जुलै-ऑगस्टमध्ये आणि सादरीकरण गणपतीत, हे गणित खानदेशात जमतं. उन्हाळ्यात पोरं गावाला पांगलेली असतात, ते ऐकण्याच्या कामाला उलट बरंच. जुलैत कॉलेज उघडलं की गट जमतो. निंदणीच्या दिवसांत खेड्यावरची मुलं शेतात अडकतात, पोळ्याला कोणी येत नाही, आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तालीम ठेवली तर निम्मी बाकं रिकामी राहतात. हे धरून आठवड्यात दोन बैठका, प्रत्येकी दीड तास. आठ आठवडे पुरतात.

गणेश मंडळांना नवं काहीतरी हवंच असतं. विद्यापीठाच्या युवक महोत्सवातला समूहगीताचा प्रकार मात्र या कामाचा नाही, तिथे सहाच गायक असतात.

पहिली पायरी: कान उघडणं

ही पायरी गाळून थेट चाल बांधायला बसणारे पुष्कळ. त्यांचं गाणं कुठल्याही जिल्ह्यात चालतं, म्हणजे आपल्या जिल्ह्याचं काहीच त्यात नसतं.

प्रत्येकाला एक पान आणि चार रकाने द्या: आवाज, वेळ, किती दुरून, सलग की तुटक. दोनदा ऐकायचं. एकदा मेमध्ये दुपारी तीनच्या सुमाराला, एकदा पहिला दमदार पाऊस होऊन गेल्यावर रात्री. अर्धा तास एका जागी बसायचं, फोन खिशात. रेकॉर्डिंग नंतर करा, कारण फोन हातात आला की माणूस ऐकणं फोनवर सोपवून मोकळा होतो.

आवाजांचे दोन ढीग करायला शेफर यांची एक विभागणी उपयोगी पडते. एक, सतत चालू असतो म्हणून आपण ऐकतच नाही तो पायाभूत आवाज: दुपारची किर्र, लांबचा पंप, हायवे. दुसरा, कान टवकारायला लावणारा खुणेचा आवाज: टिटवी, विजेचा कडाका, भुसावळकडे जाणाऱ्या गाडीचा हॉर्न. पायाभूत आवाज सामूहिक स्वरांना द्यायचे, खुणेचे एकट्या-दुकट्या गळ्याला. निम्मी वाद्यरचना इथेच ठरते.

किती बारीक ऐकायचं त्याचा एक नमुना. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत वारा घुसला की बाहेरून एकच सळसळ वाटते. आत जाऊन बुंध्याशी उभे राहा. वर नुकतं उलगडलेलं, अजून न फाटलेलं पान वाऱ्यात अख्खं पलटतं, त्याचा ‘फट्ट’ असा जाड आवाज येतो. मधली पानं वाऱ्याने चिरून झालर झालेली असतात, त्यांची लांब ‘स्स्स’. खाली बुंध्याला लोंबणारी वाळकी पानं एकमेकांवर घासून ‘खर्र’ करतात, आणि तीही वाऱ्याच्या नंतर, जराशी उशिरा. एका झाडाचे तीन आवाज आणि त्यांचा क्रम ठरलेला: स्स्स, फट्ट, मग खर्र. गाण्यात वारा आणायचा तर तीन गटांना ही तीन व्यंजनं वाटून द्या आणि खर्र नेहमी मागून येऊ द्या. ओठांनी ‘हूऽऽ’ करून भुताच्या सिनेमातला वारा आणण्यापेक्षा हे शंभर पटींनी खरं लागतं.

पावशाकडेही असंच कान देऊन बघा. शेतकरी ज्यात ‘पेरते व्हा’ ऐकतो ती हाक एकाच पट्टीत नसते. दर फेरीला ती थोडी वर चढते, थोडी जोरात होते, आणि शिगेला पोचल्यावर एकदम तुटते. मग थांबून पुन्हा खालून सुरू. पावसाआधीची तगमग एवढी नेमकी दुसरी कुठे सापडणार? ही चढण एका मुलीच्या गळ्यात द्यायची.

सातपुड्याच्या पायथ्याला राहणारे असाल तर आणखी एक पक्षी यादीत धरा. रानपिंगळा. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नाही, नामशेष झाला असं मानलं गेलं, आणि ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात अभ्यासकांना तो सापडला. त्याच्यावर वेगळं गाणं होईल. या पावसात त्याला कोंबू नका.

दुसरी पायरी: आराखडा भिंतीवर

चार ड्रॉइंगशीट आडव्या जोडून भिंतीला लावा. वरती मिनिटं, खाली चार आवाजांच्या चार पट्ट्या. मी सुचवतो तो क्रम असा. सुरुवातीचं सव्वा मिनिट ऊन. दोन मिनिटांपर्यंत त्या उन्हावर पावशाची हाक. मग चाळीस सेकंद वारा. त्यानंतर दहा सेकंद काहीच नाही. दोन मिनिटं पन्नास सेकंदांना पहिला थेंब, तिथून चौथ्या मिनिटापर्यंत सर. मग दीड मिनिट नदी आणि शेवटचं मिनिट बेडूक.

नदी पावसाच्या नंतर स्वतंत्र का, ते मुलांना समजावून सांगा. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, चांगदेवला तिला पूर्णा मिळते. वर पाणी पडलं की हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, एकूण ४१ आहेत, आणि खाली आभाळ कोरडं असलं तरी नदी चढते. आपल्याकडचा पूर असा दुरून, न सांगता येतो. म्हणून नदी गाणारे पुरुष मंचावर ठेवू नका. ते प्रेक्षकांच्या मागून, दारातून गात येतील. हा नाटकीपणा वाटेल, पण त्याला भूगोलाचा आधार आहे, आणि मागून आलेला खर्जाचा स्वर लोकांना कानाआधी पाठीला कळतो.

आराखड्यावर स्वर लिहू नका. ठिपके, रेघा, जाड-बारीक पट्टे. ज्यांना स्वरलिपी येत नाही ते पहिल्या दिवशी वाचू लागतात, आणि ज्यांना येते त्यांचा तोरा जरा उतरतो.

तिसरी पायरी: गळ्यांची वाटणी

चोवीसमध्ये सात उंच गळ्याच्या बायका, सात खालच्या, पाच चढे पुरुष, पाच खर्जातले. शास्त्रीय गाणाऱ्या बायकांची पट्टी (पेटीची जी पट्टी सा धरतात ती) काळी चार-पाच आणि पुरुषांची काळी एक-दोन अशी वेगळी असते, त्यामुळे मिश्र गटात पहिलं भांडण षड्जावरूनच, म्हणजे सा वरूनच, होतं. पांढरी एक धरा. फार तर काळी एक. बायका मध्य सप्तकात, पुरुष त्याच सुरांत एक सप्तक खाली. बायकांचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) आणि तार षड्ज (वरचा सा), दोन्ही बहुतेकींना निभतात. पुरुषांचा मंद्र पंचम पाचातल्या दोघांनाच नीट लागेल, तेवढे पुरतात.

चाचणी सोपी. एकेकाला ‘आ’कारात वर चढवत न्या, आवाज जिथे पातळ होतो ती खूण लिहा. मग खाली उतरवा, जिथे हवा जास्त आणि सूर कमी होतो ती खूण लिहा. गट या दोन खुणांवरून ठरतो, ‘मी नेहमी वरचंच गातो’ यावरून नाही.

खालच्या बायकांसाठी गावातल्या भजनी मंडळातल्या किंवा कानबाईची, म्हणजे खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीची, गाणी म्हणणाऱ्या दोन-तीन आक्कांना विनंती करा. रात्रभर तिच्या रोटांपाशी (नैवेद्यापाशी) बसून गायलेला तो छातीचा आवाज कॉलेजच्या मुलींना शिकवून येत नाही. अडचण एकच, त्या पूर्ण ताकदीने गातात. ‘आक्का, जरा शेजारणीचं ऐकू येईल एवढंच म्हना’ असं सांगितलं की होतं. त्यांना गप्प करू नका, शेजारणीच्या नादी लावा.

चौथी पायरी: पेटी बंद

तालमीत हार्मोनियम नको, हे माझं ठाम मत. एक तर पेटीचे सूर समान अंतरांवर बांधलेले, तिचा गंधार (ग) खऱ्या गंधारापेक्षा चढा. दुसरं, ती वाजत असली की गायक एकमेकांना ऐकत नाहीत, सगळे पेटीला लटकतात. तानपुरा लावा, फोनवरचा चालतो, पण छोट्या स्पीकरला जोडून. आणि तुम्ही, म्हणजे गट चालवणारे, पेटीमागे बसायचं सोडून समोर उभे राहा.

पहिले दोन आठवडे फक्त सा आणि प. पोरं कंटाळतात. ‘सर, आम्ही नुसता सा धरून किती वेळ बसायचं?’ हा प्रश्न येणारच. त्यावर उत्तर द्यायचं नाही, एक खेळ द्यायचा. चोवीस जणांनी मिळून सा पूर्ण तीन मिनिटं तुटू न देता धरायचा. अट एक: शेजाऱ्याने श्वास घेतला त्या क्षणी आपण घ्यायचा नाही. श्वास घेताना आवाज हळू कमी करत जायचा आणि परत येताना चोरपावलांनी शिरायचं, धाडकन नाही. पाळीपाळीने श्वास घ्यायची ही युक्ती म्हणजे वृंदगानाचा कणा. एकट्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडे न निभणारा स्वर गटाला हवा तेवढा वेळ धरता येतो. हे साधलं की गटाच्या चेहऱ्यावर बदल दिसतो, आणि तो प्रश्न परत कोणी विचारत नाही.

आता ऊन. निम्मा गट सा धरेल. उरलेल्यांपैकी तिघी-चौघी त्याच सा वरून अगदी हळू, मींडेने, कोमल रे कडे सरकतील आणि तितक्याच हळू परत येतील. सुरुवातीला, सूर जेमतेम सुटलेला असतो तेव्हा, हवेत एक थरथर ऐकू येते. यात जादू नाही. दोन जवळचे स्वर एकत्र वाजले की त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकाइतके ठोके दर सेकंदाला ऐकू येतात. एक स्वर २६१ हर्ट्झचा आणि दुसरा २६४ चा, तर सेकंदाला तीन ठोके. डांबरी रस्त्यावर दुपारी हवा हलताना दिसते ना, तेच हे कानांना. मुलींना सांगा, कोमल रे पर्यंत पोचायची घाई नको, थरथर जिथे सुरू होते तिथेच रेंगाळा. पक्का सा असलेल्या गटालाच हे जमतं. सा डळमळत असेल तर श्रोत्यांना वाटेल पोरी बेसूर झाल्या, आणि त्यांचं बरोबरच असेल.

पाचवी पायरी: सर

पावसाचा आवाज हातांनी काढण्याचा क्रम कार्यशाळांमधून सगळीकडे पोचला आहे: तळहात एकमेकांवर चोळणे, मग चुटक्या, मग दोन बोटांनी तळहातावर, मग मांड्यांवर थापा, शेवटी पाय. ओसरताना उलटा क्रम. हे सगळ्यांनी एकदम बदलायचं नसतं. एका टोकाच्या गायकाने चुटकी सुरू केली की त्याचा शेजारी, मग त्याचा, अशी सर मंचावरून सरकत जाते.

गडबड वेगळीच होते. माणसं चुटक्या वाजवू लागली की अर्ध्या मिनिटात सगळ्यांची लय एक होते. कळपाचा गुण. मग पाऊस न वाटता कवायत वाटते. ‘वेगवेगळं वाजवा’ असं ओरडून उपयोग नाही, वेगळं वाजवायला डोक्यात काहीतरी आकडा लागतो. तो असा द्या: प्रत्येकाने आपल्या मोबाइल नंबरचे दहा आकडे घ्यायचे. पहिला आकडा ९ असेल तर मनात नऊ मोजून एक चुटकी, पुढचा ४ असेल तर चार मोजून दुसरी, शून्य आला की एक श्वास. चोवीस नंबर वेगळे, मोजण्याचा वेगही ज्याचा त्याचा. थेंब हवे तसे विस्कळीत पडतात. दाट पाऊस हवा तिथे मोजणं दुप्पट वेगाने.

चुटकी न येणारे चार-पाच जण निघतातच. त्यांनी जिभेने टाळूवर ‘टॉक्’ करावं. पत्र्यावरचा टपोरा थेंब तोच.

मेघगर्जनेसाठी पातळ लोखंडी पत्रा, साधारण तीन फूट बाय चार. पत्र्याच्या शेडचं काम करणाऱ्याकडे तुकडा मिळतो, पण पन्हाळी नको, सपाट हवा. कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर हात कापतात. वर दोन भोकं पाडून दोरीने टांगा आणि खालची कड धरून हलवा. हळू हलवला की लांबचा गडगडाट, झटका दिला की कडाका. सबंध गाण्यात दोनदाच वाजवायचा. पत्रा ज्याच्या हाती जातो त्याला तो सतत वाजवावासा वाटतो, तेव्हा गटातला सगळ्यात शांत मुलगा निवडा.

आता या सरीवर गायचं काय? इथे मेघ रागाचे पाच स्वर कामाला येतात: सा, रे, म, प आणि कोमल नि. गंधार नाही, धैवत (ध) नाही, त्यामुळे शेजारच्या दोन स्वरांमध्ये कुठेच अर्ध्या स्वराची टक्कर नाही. चार गट यातले कुठलेही स्वर एकाच वेळी लावून बसले तरी कानाला टोचत नाही. प्रत्येक गटाला दोन-दोन स्वर द्या आणि त्यांतच, आपापल्या श्वासाच्या लांबीने, ‘आ’कार फिरवू द्या. रागसंगीताचे जाणकार म्हणतील की मेघच्या रिषभाचं आंदोलन, म्हणजे रे झुलवत लावणं, कुठे गेलं. त्यांना सांगा, आम्ही मेघ गात नाही, त्याचे स्वर उसने घेतलेत.

सहावी पायरी: शब्द

शब्द जितके कमी तितकं बरं. एक ओळ पुरते. आमच्या धुळे-अमळनेर पट्ट्यात अहिराणीत सहज निघेल अशी ही ओळ घ्या: ‘वारा सुटना, पानी उना.’ काही गावांत ‘उना’ला ‘वना’ म्हणतात. तुमच्या गटातल्या घरांत जे म्हणतात ते ठेवा. लेवा बोलीचा गट असेल, पावरी बोलणारी मुलं असतील, तर ओळ त्यांनाच करायला सांगा आणि त्यांच्या आजीकडून तपासून आणायला लावा. ओळ निवडताना बघायचं एवढंच, की लांबवायच्या जागी ‘आ’ किंवा ‘ई’सारखा मोकळा स्वर आहे ना. ‘पानी उना’ त्याला अगदी बेतलेलं आहे.

चाल अशी: वारा ‘सा रे’, सुटना ‘म रे सा’, पानी ‘म प’, उना ‘नि प’, नि कोमल. आठ मात्रांत बसवा, ‘उना’चा शेवटचा ‘ना’ हवा तेवढा लांबवा. खर्जातल्या पुरुषांनी मागच्या दारातून सुरुवात करायची. ते चार मात्रा पुढे गेले की चढे पुरुष तीच ओळ पहिल्यापासून धरतील, आणखी चार मात्रांनी खालच्या बायका, मग उंच. एकाच ओळीच्या चार लाटा एकमेकींवर चढतात. स्वर तेच पाच असल्याने कुठेही भिडलं तरी बिघडत नाही. ज्यांनी आयुष्यात वेगवेगळ्या आवाजांत गायलेलं नाही अशा गटाला ‘हार्मनी’ शिकवण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. मुंबईत सलील चौधरींनी १९५८ मध्ये बॉम्बे यूथ क्वायर उभा केला, तेव्हापासून आपल्याकडे अनेक आवाजांत गाणं रुजलं. पण अशा रचना थेट घ्यायला गेलं की गट तिसऱ्या तालमीतच हात टेकतो. आधी लाटांवर पोहू द्या.

कवितेवरच करायचं असेल तर खानदेशाला वाण नाही. धरणगावचे बालकवी (१८९०–१९१८) आणि असोद्याच्या बहिणाबाई (१८८०–१९५१), दोघांचंही मूळ काव्य आता स्वामित्वहक्कातून मोकळं आहे. आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि मरणोत्तर छापलेल्या लेखनाला छापल्यापासून ६० वर्षं. मात्र त्या कवितांच्या गाजलेल्या चाली दुसऱ्या कोणाच्या असतात, त्यांचा हक्क वेगळा. चाल स्वतःची करा. अलीकडच्या कवीची ओळ हवी असेल तर वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र पाठवा.

सातवी पायरी: तालमीचे उरलेले आठवडे

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ऊन, पावशा आणि वारा. पाचव्यात सर. सहाव्यात नदी, आणि तेव्हापासून दारातून चालत येण्याची सवय, कारण चालताना ताल पायात उतरतो आणि ओळ पळू लागते. उपाय म्हणजे चपला काढून, पावलांचा ताल ओळीशी मुद्दाम न जुळवता चालणं.

बेडूक फार सोपे वाटतात आणि तिथेच गट वाहवत जातो, हसू फुटतं. शेतात नीट ऐकलेलं असेल तर आठवेल, शेजारचे दोन बेडूक बहुधा एकदम ओरडत नाहीत, एकाच्या खंडात दुसरा ओरडतो. तसंच करा. पुरुषांचे दोन गट, एक जाड ‘ड्रॉव’, एक बारीक ‘टर्र’, आणि नियम असा की समोरच्याचा आवाज संपल्याशिवाय आपला नाही. ऐकायचं काम लागलं की हसू आपोआप थांबतं.

आवाज लहान-मोठा करताना प्रत्येकाने जोर वाढवण्याऐवजी माणसं वाढवा: दोन, मग सहा, मग बारा. ओरड होत नाही आणि सूर टिकतो. हाताच्या खुणा पाचच ठेवा: या, थांबा, वाढा, उतरा, धरून ठेवा. दर तालमीला फोन मधल्या रांगेच्या खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड करा आणि पुढच्या तालमीची पहिली दहा मिनिटं तेच ऐका. तुमच्या कानांवर विश्वास ठेवू नका, तुम्ही गटाच्या फार जवळ उभे असता.

सातव्या आठवड्यात वाऱ्यानंतरच्या दहा सेकंदांवर एक पूर्ण बैठक खर्च करा. चोवीस माणसांना काही न करता उभं ठेवणं हे सगळ्या गाण्यातलं अवघड काम. कोणी घसा खाकरतं, कोणी ओढणी सावरतं, कोणी पुढच्या थेंबाच्या काळजीने बोटं तयार धरून बसतं आणि ते लोकांना दिसतं. हात बाजूला सैल, नजर समोर, तोंड किंचित उघडं, म्हणजे पुढचा श्वास आवाज न करता घेता येतो. पहिला थेंब कोण टाकणार ते एकट्यालाच माहीत असावं. तुम्हीही खूण करू नका. तो थोडा उशिरा पडला तर आणखी छान.

सादरीकरणाचा दिवस

मंडप असेल तर साउंडवाल्याशी दुपारीच बोलून ठेवा. त्याच्या हिशेबात गाणं म्हणजे प्रत्येकाला माइक आणि भरपूर एको. ‘जिभाऊ, एको बंद ठेवा, आणि माइक दोनच द्या’ असं सांगितल्यावर तो तुमच्याकडे संशयाने बघेल, बघू द्या. दोन कंडेन्सर माइक गटापासून सहा-आठ फुटांवर, डोक्याच्या वर, खाली झुकवलेले. मागून येणाऱ्या पुरुषांना माइक अजिबात नाही. एको चालू राहिला तर चुटक्यांचा चिखल होतो.

पंखे ही खरी डोकेदुखी. सप्टेंबरात खानदेशात पंखे बंद करा म्हणणं धाडसाचं, पण साडेसहा मिनिटांपुरतं निवेदकाने आधी सांगितलं तर लोक सोसतात. जनरेटर मंडपाच्या मागे नको, लांब हवा. खरं तर जुन्या दगडी वाड्याचा चौक किंवा शाळेचा व्हरांडा मंडपापेक्षा कितीतरी बरा. भिंती आवाज परत देतात, माइकचीही गरज उरत नाही. निवेदकाला आणखी एक सांगा: गाण्यात काय काय ऐकू येणार आहे याची यादी वाचायची नाही. नाव सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

शेवट कसा कळवायचा हा प्रश्न राहतो. बेडकांचा आवाज विरत जातो, ताल नसतो, लोकांना समजत नाही की संपलं की नाही. मग कोणीतरी अर्धवट टाळी वाजवतं आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात. म्हणून शेवटच्या ‘ड्रॉव’नंतर गटाने मनात पाच मोजायचे, मग तुम्ही हात खाली घ्यायचे आणि सगळ्यांनी एकदम मान वर करायची. एवढी खूण पुरते. मंडपात मागे उभ्या असलेल्या खर्जातल्या पाच जणांनाही ती दिसेल अशा जागी तुम्ही उभे राहा, नाहीतर ते टाळ्यांमध्येही ‘ड्रॉव’ करत राहतील.